अलम दुनियेला ठाऊक

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक पुण्याहून इथे बेंगळूरला आलेला, सॉफ्टवेअरमधला तरुण आहे. त्याचा फोन आला. "काकू, तुमचे हॉस्पिटलचे अनुभव लिहा ना. पण जरा लाइट ठेवा, लोक फराळ करताना वाचतात." मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून रोज लिहायला बसते आणि रोज मस्तकात तिडीक जाते. शेवटी ठरवलं, जे येतंय तेच लिहायचं. फराळ गोड लागायला हवा असेल त्यांनी पानं उलटावीत, पुढे कुठेतरी पाककृती असतील.

मी दुभाषी होते. अरबी आणि इंग्रजी, लागेल तिथे कन्नड. जयनगरची मराठी बाई अरबीत कशी शिरली असं प्रत्येक जण विचारतो, म्हणून आधीच सांगते. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. लग्न झाल्यावर यजमानांच्या नोकरीमुळे ओमानला गेले. ते रस्ते बांधत आणि मी घरात भिंती बघत बसे. कंटाळून गावातल्या दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर बसले. तिथे येणाऱ्या आयाबायांनी मला अरबी शिकवलं, म्हणजे ओरडून ओरडून शिकवलं. परत आल्यावर देवनहळ्ळीच्या वाटेवरच्या एका मोठ्या रुग्णालयाला अरबी बोलणारं माणूस हवं होतं. इराक, येमेन, ओमान, सुदान इथले पेशंट विमानतळावर उतरायचे आणि सरळ आमच्याकडे यायचे. मी तिथे चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. निवृत्त झाले म्हणण्यापेक्षा केले गेले म्हणणं बरोबर, पण ते पुढे येईलच.

या धंद्याचे नियम दोनच. मला ते ओमानमध्ये एका सुदानी बाईने शिकवले, ती हेच काम करायची. पहिला नियम असा की पेशंट 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं. 'हे म्हणतात की यांना' असलं काही नाही. त्यामुळे साठीच्या उंबरठ्यावरची नऊवारीतल्या आजीची नात असलेली मी, कपाळाला कुंकू लावून, डॉक्टरांना सांगत असे, "माझी प्रोस्टेट फार त्रास देते आहे, आणि बायकोला यातलं काही कळता कामा नये." नवीन डॉक्टर पहिल्या दिवशी हसायचे. मी हसत नसे. पेशंट रडला तर मी रडत नसे, पण पेशंट ओरडला तर मी मात्र ओरडायची. एका सुदानी पेशंट बाईंनी तीन तास ताटकळत ठेवल्याबद्दल एका विभागप्रमुखांना असं काही झापलं, की ते इंग्रजीत करताना मला आयुष्यात क्वचित मिळालेलं सुख मिळालं. शब्द त्यांचे होते, आवाज मी मनापासून दिला.

दुसरा नियम याहून कडक. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पेशंटला सांगायचं, कुणी कोणत्याही भाषेत बोलो. कुजबुजलं तर ती कुजबुजही. कारण त्या खोलीत एकच माणूस बहिरा असतो, आणि रोग नेमका त्यालाच असतो. एकदा एक डॉक्टर माझ्याकडे बघून इंग्रजीत पुटपुटले की या म्हाताऱ्या फारच बडबडतात. मी ते लगेच अरबीत केलं. ओमानी आजी शांतपणे म्हणाली, त्याला सांग, माझी आई याहून जास्त बोलायची आणि नव्वदीपर्यंत जगली. मी तेही सांगितलं. त्यानंतर ते डॉक्टर माझ्यासमोर नीट बोलू लागले.

आता माझ्या रागाकडे येते.

माझ्या शेवटच्या वर्षात इराकहून एक गृहस्थ आले. फुरात म्हणजे युफ्रेटिस नदीकाठच्या गावातले, प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. नाव नाजी, पण मी त्यांना उस्ताद म्हणे. बरोबर मुलगा हैदर, तिशीचा, इंजिनियर, सतत फोनवर. उस्तादांची बायको गुडघ्यांमुळे येऊ शकली नव्हती. महिन्याभरात परत येतो असं तिला सांगून ते निघाले होते. पोटात दुखत होतं, अन्न खाली उतरत नव्हतं, वजन झरझर गेलं होतं. सूट अंगावर हँगरला लटकावल्यासारखा लोंबायचा, पण टाय रोज असायचा.

माझ्या टेबलावर अरबीत पाटी होती, 'इस्तिअलामात', म्हणजे चौकशी. उस्ताद पहिल्या दिवशी त्या पाटीखाली उभे राहिले आणि मला विचारलं, या शब्दाचा धातू कोणता? मी म्हटलं, मला बोलता येतं, व्याकरण येत नाही. झालं, शिक्षकाला वर्ग मिळाला. त्यानंतर तपासण्यांसाठी जेवढा वेळ बसावं लागे तेवढा वेळ त्यांनी मला शिकवण्यात घालवला. माझं ओमानी अरबी त्यांना सोसवत नसे.

अरबी न जाणणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तिथला बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या गाठीतून निघतो. एकच भाजणी मळायची, सोऱ्यातून काढली की चकली, हाताने वळली की कडबोळं, थापली की थालीपीठ. पाटीवरच्या शब्दाची गाठ होती ऐन, लाम, मीम. अर्थ, जाणणं. 'अलिमा' म्हणजे त्याने जाणलं. मधलं व्यंजन दाबून 'अल्लमा' म्हटलं की त्याने दुसऱ्याला जाणतं केलं, म्हणजे शिकवलं. ते करणारा तो मुअल्लिम, म्हणजे उस्ताद स्वतः. सुरुवातीला एक स्वर जोडून 'अअलमा' म्हटलं तर त्याने कळवलं, एखादी खबर दिली. 'इस्तअलमा' म्हणजे कळावं म्हणून विचारणा केली, आणि त्यावरून माझी पाटी. रोगाचं लक्षण ते 'अलामा', कारण त्यावरून आतलं कळतं. लांबून ओळखू यावं म्हणून उभारतात तो झेंडा 'अलम'. आणि सगळं जग ते 'आलम', कारण जुने लोक म्हणत की जगाकडे बघून ते करणारा कळतो.

मी म्हटलं, यातले काही आमच्याकडेही आहेत. मालूम आहे. तालीम आहे, पण आमच्या घरी तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, माझे आजोबा पोरांना तिथे कुस्ती शिकवत, इथले लोक त्याला गरडी म्हणत. उस्तादांना हे फार आवडलं. शाळेत मीही अधूनमधून तेच करायचो, म्हणाले. मग मी त्यांना 'अलम दुनिया' सांगितलं, त्यातला अलम म्हणजे तुमचाच आलम. आम्ही म्हणतो, अलम दुनियेला ठाऊक आहे, म्हणजे ज्याला ठाऊक नाही असा कुणी उरलाच नाही. ते दोनदा पुटपुटून त्यांनी पाठ केलं.

ते मला उम्म राघव म्हणत, राघवची आई. त्यांच्याकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारणं मानाचं असतं. मला एकच मुलगा आहे, राघव. व्हाइटफील्डला नोकरीला आहे, आईची फार काळजी करतो. हा अंक त्याच्या घरीही जातो.

स्कॅनचे निकाल आले त्या दिवशी प्रथेप्रमाणे उस्तादांना बाहेर बसवलं आणि हैदरला आत बोलावलं. ही प्रथा आमच्या रुग्णालयातली नव्हे, सगळीकडचीच. आधी घरच्यांना सांगायचं. त्या छोट्या खोलीत सर्जन होते, आमच्या परदेशी पेशंटांच्या विभागाचा व्यवस्थापक श्रीवत्स होता, हैदर होता आणि मी. सर्जन भला माणूस, सकाळपासून उभा. त्याने स्वच्छ सांगितलं. कॅन्सर स्वादुपिंडातून यकृतात पसरलेला आहे. काढून टाकता येणार नाही. ऑपरेशन केलं तर अन्नाला वाट करून देता येईल, काही आठवडे जेवता येईल. पण या वजनात, या वयात, ऑपरेशननंतर ते आयसीयूतून बाहेर येतीलच असं सांगता येत नाही. नाहीतर औषधं देऊन घरी न्या, प्रवास झेपतोय तोवर.

हैदरने फोन टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाला, ऑपरेशन करा. आणि बाबांना यातलं काही सांगायचं नाही. आत सूज आहे, ती साफ करायची आहे, एवढंच सांगा. खरं कळलं तर ते इथेच कोसळतील.

श्रीवत्स म्हणाला, घरच्यांची इच्छा. सर्जन म्हणाला, सरी. आणि तिघांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही आता फक्त नळ सोडायचा बाकी आहे.

इथे मला राग आला, तो अजून उतरलेला नाही. हैदरचा राग मला कमी आला. पोरगं बापावर जीव टाकत होतं आणि घाबरलं होतं. हे अरबांचंच असतं असंही कुणी समजू नये. आपल्याकडे तरी काय निराळं करतो? 'त्यांना सहन होणार नाही' असं आपण म्हणतो, आणि खरं तर आपल्याला सहन होत नसतं. मला राग आला तो त्या सहजपणाचा. पोट त्या माणसाचं, रोग त्याचा, उरलेले दिवस त्याचे. सर्जनला माहीत, श्रीवत्सला माहीत, गावाकडच्या चुलत्यांना आता फोनवरून कळणार, स्कॅन काढणाऱ्या पोरीला माहीत. अलम दुनियेला ठाऊक, आणि बाहेर बाकावर टाय लावून बसलेला मुअल्लिम तेवढा अडाणी.

मी सर्जनला म्हटलं, तुम्ही त्यांच्यासमोर जे बोलाल ते मी पूर्ण सांगेन, त्यात माझं काही घालणार नाही आणि काढणारही नाही. खोटं सांगायचं असेल तर ते तुम्हाला तुमच्या तोंडाने सांगावं लागेल. आणि ते काही विचारतील तेही पूर्ण येईल.  श्रीवत्सने मला समजूतदार चेहरा करून, "अक्का, स्वल्प ॲडजस्ट माडी," म्हणजे ताई, जरा जुळवून घ्या, असं सांगितलं. बेंगळूरमध्ये रिक्षात तिसरा माणूस बसवायचा असला तरी हेच म्हणतात.

मग उस्तादांना आत घेतलं. ते बसले, टाय सारखा केला. सर्जनने त्यांच्याकडे न बघता सांगितलं की आत थोडी सूज आहे, एक छोटं ऑपरेशन करू म्हणजे जेवण जाईल. मी ते शब्दाला शब्द सांगितलं. उस्ताद ऐकताना माझ्याकडे बघत नव्हते, सर्जनच्या हातांकडे बघत होते.

मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी तुमचा बाप असतो, तर तुम्ही मला कापलं असतं की तुमच्या आईकडे घरी पाठवलं असतं?"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. "मी तुमचा बाप असतो," मीच म्हणाले, माझ्या तोंडाने. सर्जनने पेन खाली ठेवलं. त्याने हैदरकडे पाहिलं.  बहुधा तो खरं बोलण्याच्या बेतात आहे असं श्रीवत्सला वाटलं असावं, कारण तो पुढे वाकून मला कन्नडमध्ये हळूच म्हणाला, "अक्का, डॉक्टर काहीही बोलू देत, अदु हेळबेडी." म्हणजे, ते सांगू नका.

खोलीत जे बोललं जाईल ते सगळं. कुजबुजही.

मी उस्तादांकडे वळले आणि अरबीत म्हणाले, "अक्का, डॉक्टर काहीही बोलू देत, ते सांगू नका."

हैदर खुर्चीवरून उठला. श्रीवत्सला अरबी येत नसे, पण हैदरचा चेहरा त्याला वाचता आला. उस्ताद मात्र हलले नाहीत. त्यांनी मुलाला खाली बसायची खूण केली, वर्गात करत असतील तशी, आणि तो बसला.

"बेटा," ते म्हणाले, "पाठीमागे काहीतरी लपवून उभी राहिलेली पोरं मी जन्मभर पाहिली. मला निघायच्या आधीपासून ठाऊक आहे. पण मला कुणी सांगितलं नाही. ज्याला सांगितलेलंच नाही, तो माणूस कुणाशी बोलणार? मी तुझ्या आईशी रोज फोनवर काय बोलतो? हवा. फक्त हवापाण्याचं बोलतो."

हे मी सर्जनसाठी इंग्रजीत करत होते तेव्हा माझा आवाज पहिल्यांदाच आणि शेवटचाच कापरा झाला. ते काम नियमाला धरून झालं नाही.

मग सर्जनने खुर्ची टेबलाच्या या बाजूला ओढली, उस्तादांच्या समोर बसला आणि सगळं सांगितलं. अगदी नीट सांगितलं. मी एकेक वाक्य नेलं. उस्तादांनी चांगल्या विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारले. दुखेल का, किती, आणि दुखणं थांबवायला गावात काय मिळेल. शेवटी म्हणाले, मी घरी जातो. बापाच्या प्रश्नाचं उत्तर सर्जनने दिलं नव्हतं, पण दारापर्यंत तो त्यांचा हात धरून गेला.

बाहेर हैदरने मला गाठलं आणि म्हणाला, तू माझ्या बापाला मारलंस. ते कुणाला भाषांतर करून सांगायचं नव्हतं, ते माझ्यासाठीच होतं. श्रीवत्सने वरच्या साहेबांना कळवलं की या बाई पेशंटच्या कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध वागल्या. मी म्हटलं, मी एक शब्द माझा बोलले असेन तर दाखवा. त्यांना दाखवता आला नाही, म्हणून त्यांनी माझ्या वयाचा विषय काढला. वयात तथ्य होतं. पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. पाटी अजून तिथेच आहे म्हणतात, खाली भाषांतर करणारा टॅबलेट ठेवला आहे. तो कुजबुज पकडत नसणार.

उस्ताद विमानाने घरी गेले. काही दिवसांनी त्यांचा आवाज फोनवर आला, मागे कोंबडे आरवत होते. म्हणाले, उम्म हैदरला सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावर ओरडली, मग रडली, मग आम्ही जे कधी बोललो नव्हतो ते बोललो. आता रोज अंगणात बसतो, विषय संपत नाहीत. आणि मग मुद्दाम मराठीत, तोडून तोडून, "अलम दुनिया." त्यानंतर त्यांचा आवाज आला नाही. हैदरचा निरोप आला. वडील घरी, आईच्या शेजारी गेले, असं त्याने लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही, आई मात्र सलाम सांगते. मला तो निरोप प्रामाणिक वाटला. मीही श्रीवत्सला माफ केलेलं नाही.

इथे थांबले असते तर संपादकाला हा लेख जरा जड झाला असता, एवढंच. पण हे सगळं मला आताच का आठवतंय आणि रोज तिडीक का जातेय, ते सांगायला हवं.

या पावसाळ्यात माझंही जेवण जाईनासं झालं. राघवने रजा काढली, जयनगरच्याच एका रुग्णालयात नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी मला म्हटलं, आजी, तुम्ही जरा बाहेर बसा. मी बाहेर बसले. बाकही तसाच होता, स्टीलचा, भोकाभोकांचा. राघव बऱ्याच वेळाने बाहेर आला. त्याचे डोळे धुतलेले होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काही नाही गं आई, स्वल्प सूज आहे म्हणाले. औषधांनी उतरेल."

तेव्हापासून तो रोज ऑफिसातून फोन करतो. आम्ही पावसाचं बोलतो. ट्रॅफिकचं बोलतो. सूनबाई माझ्या आवडीचं करून पाठवते आणि डबा देताना तोंड फिरवते. मावसबहिणी, ज्यांना वर्षात कधी फोन करायला सवड झाली नाही, त्या आठवड्यात दोनदा करतात आणि म्हणतात, सहज केला.

राघव, तू भित्रा नाहीस, हे मला माहीत आहे. तुझा जीव आहे माझ्यावर, तेही माहीत आहे. पण मी चिडले आहे, आणि तुझ्यावर चिडले आहे. दुसऱ्याच्या बापाच्या वेळी मी तोंड उघडलं आणि नोकरी घालवली. माझ्या वेळी मी बाकावर बसले, आणि तू सूज म्हणालास. मी तुला त्याच वेळी विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण हे मी विचारून काढण्यापेक्षा तू सांगायला हवंस.

रविवारी येशील तेव्हा डबा आणू नकोस. खुर्ची ओढ, माझ्यासमोर बस, आणि डॉक्टर जे बोलले ते पूर्ण सांग, मधलं काही न गाळता. रडू आलं तर रडत सांग. आपल्या दोघांना दुभाषी लागत नाही.